स्वस्त चघळकांडी कशी निवडाल?

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा तो वास हिरड्यांच्या आजाराचा असतो. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यांवर जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचू लागतो. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असल्याने त्याचे दात सहसा किडत नाहीत. पण लाळेतलं कॅल्शियम बसून दोन-तीन दिवसांत त्या थराचं कडक किटण होतं. जिवाणू हिरडीखाली शिरले की सूज येते आणि दात धरून ठेवणारं हाड झिजतं. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत हे लवकर होतं.

ओठ हलकेच उचलून वरच्या मोठ्या दाढेकडे पाहा. लाळेची नळी तिच्याजवळ उघडते, म्हणून पिवळट-तपकिरी किटण आधी तिथेच दिसतं.

हे टाळायला कुत्र्याला चघळायला द्यायची कांडी, म्हणजे चघळकांडी, मदत करते. तिचं काम घासण्याचं. दात तिच्यात रुतला पाहिजे आणि तिची कड हिरडीलगत घासली गेली पाहिजे. दोन घासांत गिळली तर पैसे वाया. काही कांड्यांत सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट असतं. ते लाळेतलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे किटण कमी बनतं.

टिकते म्हणून कडक वस्तू घेणं मात्र महागात पडतं. कुत्र्याच्या दातावरचं कवच सहसा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. हरणाची शिंगं, खूर, याकच्या दुधाची छुरपी किंवा हाडं चावताना तीच मोठी दाढ तडकते. अंगठ्याचं नख रुतत नसेल, तर ती वस्तू नको. चामड्याच्या हाडाचे तुकडे अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकू शकतात.

किंमत पाकिटाची नव्हे, एका कांडीची काढा, कारण ती रोज लागते. कुत्र्याच्या वजनाला योग्य तोच आकार घ्या. मोठी कांडी मोडून लहान कुत्र्याला दिली तर तो तुकडा आख्खा गिळतो. कांडीतले उष्मांक दिवसाच्या एक दशांशात बसवा आणि तेवढं जेवण कमी करा. अमेरिकेतली ‘व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ 1997 पासून चाचण्यांचे पुरावे तपासून उत्पादनांना शिक्का देते. तिची यादी इंटरनेटवर मोफत मिळते. खरेदीआधी ती जरूर पाहा.

रोजची कांडी परवडत नसेल, तर लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या. घासण्याइतका परिणाम कोणत्याही कांडीचा होत नाही. पेस्ट कुत्र्यांचीच हवी, नाहीतर नुसतं पाणीही चालेल. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याच्या पोटात जाऊ नये, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल तर त्याला विषारी असतं.

आधीच जमलेलं किटण कांडीने निघत नाही. त्यासाठी पशुवैद्याकडे भूल देऊन दात साफ करावे लागतात. तो खर्च मोठा, म्हणून आजपासून रोज दोन मिनिटं ब्रश फिरवणं हीच सगळ्यांत स्वस्त काळजी.