सासूबाईंचं मशीन आणि अनुलोम-विलोम

‘‘आई रोज अर्धा तास अनुलोम-विलोम करतात. मग दुपारी मशीन बंद ठेवलं तर चालेल ना गं? लाइटबिल केवढं येतं!’’ मैत्रिणीने परवा फोनवर विचारलं. तिच्या सासूबाईंची उमर चुलीपुढे फुंकणी फुंकण्यात गेली. विडीला कधी हात लावला नाही, तरी धुराने फुफ्फुसं निकामी होत गेली. डॉक्टरी भाषेत सीओपीडी. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आलंय.

उत्तर ‘नाही’ असंच आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण मुळातच ९५ टक्क्यांच्या वर असतं. दीर्घ श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही. ‘प्राणायामाने भरपूर प्राणवायू मिळतो’ हे आपण सगळ्याच म्हणतो, पण खरा फायदा वेगळा आहे. श्वास संथ होतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांना रोझरी आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी हृदयाची यंत्रणा जास्त तत्पर झाली. म्हणजे आजीची जपमाळ काही अगदीच वाया नव्हती! दम्यातही योगाने थोडं बरं वाटतं, असं अभ्यास सांगतात. पंप मात्र सोडायचा नाही.

मशीनचं गणितच निराळं. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन फारच कमी असतो, ते रोज १५ तास किंवा जास्त वेळ तो घेतात तेव्हा अधिक जगतात, हे १९८० आणि १९८१ मधल्या अमेरिकन व ब्रिटिश अभ्यासांनी दाखवलं. दुपार गाळली की तास भरणार कसे? उलट, ऑक्सिजन थोडासाच कमी असेल तर त्याने आयुष्य वाढत नाही, हेही २०१६ मध्ये अमेरिकेत दिसलं. तो टॉनिक नव्हे, औषध आहे. म्हणून आपल्या मनाने बटण वाढवायचंही नाही. अशा रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. आणि मशीनजवळ निरांजन-उदबत्ती अजिबात नको.

मैत्रीण जरा हिरमुसली. म्हटलं, अगं, नळी नाकात ठेवूनही एक श्वास शिकवता येतो. नाकाने आत घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ. त्याने अडकलेली हवा बाहेर पडते, धाप कमी होते.

‘‘फुंकणीसारखंच की!’’ मागून सासूबाईंचा आवाज आला.

‘‘हो, पण जोर न लावता हं, आई!’’