जुन्या तोफेच्या पुंगळीची ओळख

काही शाळांच्या संग्रहात किंवा माजी सैनिकांच्या घरी पितळेचे एक जड, उभट नळकांडे ठेवलेले आढळते. कोणी त्यात फुले ठेवतो, तर कोणी छत्र्या. ही वस्तू ‘तोफेचा गोळा’ म्हणून दाखविली जाते. परंतु बहुधा तो गोळा नसून गोळा उडविणाऱ्या दारूची पुंगळी असते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. रिकामी पुंगळी हा इतिहासाचा पुरावा होय. न फुटलेला गोळा हे मृत्यूचे साधन होय. म्हणून पुंगळीवरील खुणा वाचण्यापूर्वी हातातील वस्तू कोणती आहे, हे ठरविणे अगत्याचे आहे.

गोळा आणि पुंगळी

तोफ डागली की गोळा पुढे जातो आणि पुंगळी मागे राहते. पुंगळी पातळ पत्र्याची, एका बाजूने उघडी व आतून पोकळ असते. तिच्या तळाला बाहेर आलेली कड असते. तळाच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे दारू पेटविणारी लहान डबी, बसविलेली असते. याउलट गोळा जाड पोलादाचा, निमुळत्या टोकाचा व बंद असतो; त्याच्या बुडाजवळ तांब्याचा पट्टा असतो आणि टोकाला फ्यूज असू शकतो. अशी वस्तू कितीही गंजलेली असली तरी तिला हात लावू नये.

पुंगळीच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. प्रायमरवर तोफेच्या सुईचा खळगा दिसला म्हणजे दारू जळालीच, असे नाही. कधी आघात होऊनही दारू पेटत नाही. तसेच पुंगळी रिकामी असली तरी प्रायमर जिवंत असू शकतो. तोंड बंद असेल, आत काही भरलेले दिसत असेल किंवा प्रायमरवर खळगा नसेल, तर ती वस्तू धोक्याची समजावी.

तळावरील लेख

खात्रीने रिकाम्या असलेल्या पुंगळीचा तळ हा तिचा जन्मदाखला असतो. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१९१८) ब्रिटिश अठरा पौंडी तोफेचे उदाहरण घेऊ. पश्चिम आघाडीवर या तोफेने सुमारे दहा कोटी गोळे डागले. त्यामुळे तिच्या पुंगळ्या आजही अनेक देशांत आढळतात. पुंगळीची लांबी सुमारे २९५ मिलिमीटर असते. तळावर रोमन लिपीत ‘१८ पी. आर.’ ही अक्षरे असतात. ‘पी. आर.’ म्हणजे पौंडर. गोळ्याच्या वजनावरून तोफेस दिलेले हे नाव होय. सोबतचा रोमन अंक पुंगळीचा नमुना दर्शवितो. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण असून, त्याखाली ‘आय’ हे अक्षर असल्यास ती भारत सरकारची खूण समजली जाते. यांशिवाय कारखान्याची आद्याक्षरे, उत्पादनाचे वर्ष व गटक्रमांक असतात. ‘सी. एफ.’ म्हणजे कॉर्डाइट या दारूचा पूर्ण भार. हीच अक्षरे एकाहून अधिक वेळा ठोकलेली असतील, तर पुंगळी पुन्हा भरून वापरली गेली, असे अनुमान काढता येते.

दुसऱ्या महायुद्धातील पंचवीस पौंडी तोफेची पुंगळी लांबीला जवळजवळ तितकीच, म्हणजे २९२ मिलिमीटर असते. म्हणून केवळ उंचीवरून निर्णय घेऊ नये. अठरा पौंडी तोफेचा व्यास सुमारे ८४ मिलिमीटर, तर पंचवीस पौंडीचा सुमारे ८८ मिलिमीटर आहे. निर्णायक पुरावा मात्र तळावरील आकडाच. हीच पंचवीस पौंडी तोफ भारतीय सैन्याने १९६५ च्या युद्धातही वापरली. फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेच्या पुंगळीवर ‘७५ डी. ई. सी.’ ही अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ ‘मैदानी ७५’ असा आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पुंगळीवर ‘एस. टी.’ असल्यास ती पितळेची नसून पोलादाची समजावी.

खुणा काय सांगत नाहीत

तळावरील वर्ष हे पुंगळी बनविल्याचे असते, ती डागल्याचे नव्हे. ती कोठे डागली गेली, हेही खुणांवरून कळत नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर अठरा पौंडी तोफा होत्या, आणि त्याच डिव्हिजनमधील मराठा पलटणींनी कूत-अल-अमाराचा वेढा एप्रिल १९१६ पर्यंत सोसला. तथापि, तेवढ्यावरून एखादी पुंगळी कूतची आहे, असे म्हणता येणार नाही. त्यासाठी सैनिकाचे सेवापत्र, पत्रे व घरातील वृद्धांच्या आठवणी यांचा आधार घ्यावा लागतो. बाजूवर कोरलेली नावे व नक्षी बहुधा नंतरची असतात; तीही नोंदवून ठेवावीत.

शाळा व पंचायतीने काय करावे

चिंच किंवा आम्ल लावून पुंगळी चकचकीत करू नये. त्याने खुणा झिजतात. तळावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरविल्यास लेखाची स्वच्छ नक्कल मिळते. ती नक्कल, मापे व वस्तू कोणाकडून आली याची माहिती नोंदवहीत लिहावी. प्रायमर काढण्याचा, वस्तू कापण्याचा किंवा तापविण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

नाशिक जिल्ह्यातील देवळाली आणि अहिल्यानगर परिसरात लष्कराची गोळीबार क्षेत्रे आहेत. अशा ठिकाणी भंगार म्हणून उचललेली वस्तू जुन्या युद्धातील नसून अलीकडील व जिवंत असू शकते. संशयास्पद वस्तू दिसताच ती न हलविता लोकांना दूर ठेवावे आणि पोलीस पाटील, जवळचे पोलीस ठाणे किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. पुढील काम बॉम्ब शोधक व नाशक पथकाचे आहे.

मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकविणे योग्य ठरेल: अनोळखी वस्तूला हात न लावणे आणि ओळख पटलेल्या वस्तूवरील अक्षरे जपून वाचणे. पहिल्या सवयीने जीव वाचतो; दुसरीने गावाच्या आठवणीतील एक पान भंगारात जाण्यापासून वाचते.