आधी पाणी, मग तंबू

गणपतीचं विसर्जन झालं, की कल्याण-डोंबिवलीतल्या गळाचा नाद असलेल्या मंडळींचं एक लक्ष आकाशाकडे आणि दुसरं कॅलेंडरकडे लागतं. पितृपक्षात अनेक घरांत मासे शिजत नाहीत, नवरात्रात तर नाहीतच. त्यामुळे मोठे बेत ठरतात ते दसऱ्यानंतरचे, कोजागरीच्या आगेमागे. हवामान खात्याच्या लेखी मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. तोवर धरणं काठोकाठ भरलेली असतात, ओढे वाहते असतात आणि घाटमाथ्यावर सोनकी फुललेली असते. पाण्याकाठी तंबू ठोकून रात्र काढायची आणि तांबडं फुटायच्या आत गळ टाकायचा, यासाठी वर्षातले हेच दिवस उत्तम. अडचण असते ती जागेची.

हे दिवस उत्तम का, याचं उत्तर पाण्यात आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. ठाणे-पालघरच्या भातखाचरांत आणि ओहोळांत धरले जाणारे ‘चढणीचे मासे’ ते हेच. आषाढ-श्रावणात पाणी गढूळ असतं, जोर मोठा असतो, आणि गळाला लागणारी मादी बहुधा अंड्यांवर आलेली असते. भाद्रपद सरता सरता गाळ खाली बसू लागतो. वीण आटोपलेले मासे झीज भरून काढण्यासाठी खायला लागतात. भरलेल्या धरणाच्या कडेचं गवत पाण्याखाली जातं, त्यातले किडे, गांडुळं, गोगलगायी सहज मिळतात, म्हणून मासा खोल पाणी सोडून काठाजवळ येतो. ऑक्टोबरचं ऊन तापलं की तो पुन्हा खाली जातो. म्हणून पहाटेचे दोन-तीन तास आणि दिवेलागणीच्या आधीचा तास महत्त्वाचा, आणि म्हणूनच मुक्काम हवा. कल्याणहून पहिली कसारा लोकल पकडली तरी धरणाच्या काठावर पोहोचेपर्यंत पहाट सरलेली असते.

अमेरिकेत हा बेत सोपा असतो. एखाद्या राज्याच्या उद्यानातली तंबूची जागा आगाऊ नोंदवायची, मासेमारीचा परवाना विकत घ्यायचा, की झालं. तिथे १९५० साली झालेल्या एका कायद्याने गळ, दांडी, चकरी अशा सामानावरचा कर थेट माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना दिला जातो. हौशी माणूस सामान घेतो तेव्हाच नदीसाठी काही देऊन जातो. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. आपली राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. तिथे परवानगीवाचून मासा धरणं गुन्हा ठरू शकतं, आणि हौसेखातर ती मिळेल असं कोणी गृहीत धरू नये. तानसाचं जंगल असो की कळसूबाई-हरिश्चंद्रगड, फलकावर ‘अभयारण्य’ दिसलं की गळ पिशवीतच ठेवायचा आणि आधी वनखात्याच्या कार्यालयात जायचं.

भारतात जंगलातले गळाचे तळ नव्हतेच असं मात्र नाही. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालीबोरे इथे ‘जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स’ या सरकारी कंपनीचे तळ होते. जगभरातून लोक तिथे महाशीर या माशासाठी येत, धरलेला मासा वजन करून पुन्हा नदीत सोडत. २०१०च्या आसपास वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून अभयारण्यातली ही मासेमारी थांबली. गळवाले काठावर असत तेव्हा सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना वचक होता, ते गेल्यावर नदी उघडी पडली, असं त्या वेळी अनेकांनी म्हटलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याच कावेरीच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती थेट आपल्या लोणावळ्याला येऊन भिडते.

लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने महाशीराचं पैदास केंद्र उभारलं. राज्याच्या मत्स्य खात्यात काम केलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि टाटांकडचे एस. एन. ओगले यांनी दख्खनच्या महाशीराची कृत्रिम पैदास सत्तरच्या दशकात यशस्वी करून दाखवली. धरणांमुळे नद्या तुटल्या, मासा वर चढेना, अशा काळात हे काम मोठं होतं. तिथली पिल्लं अनेक राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली. काही दशकांनी अभ्यासकांच्या लक्षात आलं, की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, जगात फक्त त्याच खोऱ्यात सापडणारा महाशीर गळाला लागेनासा झाला आहे आणि त्याच्या जागी दख्खनचा महाशीर भरला आहे. २०१८ साली त्या मूळ माशाचं शास्त्रीय नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. चांगल्या हेतूने सोडलेला मासासुद्धा चुकीच्या पाण्यात नुकसान करतो. घरच्या टाकीतला मासा धरणात सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आफ्रिकी मागूर तर कुठेच सोडू नये. त्याच्या पैदाशीवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, तरी ठाणे जिल्ह्यात चोरून चालवलेली त्याची तळी प्रशासनाला नंतरही बुजवावी लागली आहेत.

आता कल्याणच्या आसपासचं पाणी. नकाशा उघडला तर निळे ठिपके पुष्कळ दिसतात, पण त्यांतलं बहुतेक पाणी कोणाच्या तरी नळाचं आहे. बदलापूरजवळचं बारवी औद्योगिक विकास महामंडळाचं. आपल्या भागातल्या अनेक शहरांची आणि कारखान्यांची तहान त्यावर भागते. शहापूरचं भातसा मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा उचलतं. तानसा, मोडकसागर ही मुंबई महापालिकेची. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे. या ठिकाणी सुरक्षेमुळे काठावर फिरकण्यावरच निर्बंध असतात, पावसाळ्यात पोलिसांची मनाई असते, आणि तंबूचा प्रश्नच येत नाही. पिण्याच्या पाण्याकाठी शंभर लोकांनी शौचाला जाऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

उरलेल्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभाग स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. संस्था पैसे भरते, माशांची बोटुकली विकत घेऊन सोडते, जाळी टाकते, आणि त्यावर गावातल्या कुटुंबांचं घर चालतं. शहरातून गेलेल्या माणसाला धरण मोकळं दिसतं, पण तिथला रोहू किंवा कटला कोणाची तरी गुंतवणूक असते. म्हणून जागा ठरवण्याआधी पहिला फोन तंबूवाल्याला करू नये. गावातल्या संस्थेच्या सचिवाला किंवा जाळं टाकणाऱ्या कोणाला तरी विचारावं: इथे गळ टाकू दिला जातो का, किती पैसे, कुठल्या बाजूला. अनेक ठिकाणी थोड्या पैशांत परवानगी मिळते, आणि त्या माणसाचं ज्ञानही सोबत मिळतं. कुठल्या कोपऱ्यात मरळ आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

कल्याणकरांना सर्वांत सोयीचा रस्ता मुरबाडवरून माळशेजला जाणारा. घाट चढून गेलं, की उजवीकडे-डावीकडे डोंगरांच्या मध्ये पिंपळगाव जोगाचं धरण दिसतं. पुष्पावती नदीवरचं, कुकडी प्रकल्पातलं, जुन्नर तालुक्यातलं. आळेफाट्याची एसटी खुबी फाट्यावर सोडते आणि तिथून बंधाऱ्यावरून चालत खिरेश्वरला पोहोचता येतं. हरिश्चंद्रगडला जाणाऱ्यांना ही वाट पाठ असते. खिरेश्वरात घरगुती जेवण मिळतं, अंगणात तंबू लावू देणारी माणसं आहेत, आणि धरणाचा काठ उथळ, गवताळ आहे. पाणी उथळ असल्यामुळे ते लवकर तापतं. मासा पहाटेच काठाला सापडतो. गावाच्या पाठीमागे अभयारण्याची हद्द सुरू होते, हे विसरायचं नाही.

भंडारदरा लांब आहे, कसारा-इगतपुरी-घोटीवरून शेंडीला जायचं, पण तंबूंचा अनुभव तिथे सर्वांत जुना आणि चांगला. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. अकरा टीएमसीचा हा जलाशय बहुतेक वर्षी ऑगस्टमध्येच भरतो. काठच्या गावांतल्या महादेव कोळी कुटुंबांनी काजव्यांच्या हंगामापासून तंबू आणि जेवणाचा व्यवसाय नीट उभा केला आहे, पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे. मुक्कामासाठी भंडारदऱ्याला पहिली पसंती द्यावी असंच हे पाणी आहे. मात्र परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ पासूनचा. कुठला काठ हद्दीत येतो हे वनखात्याच्या माणसाकडून कळल्याशिवाय गळ टाकायचा नाही. तंबूवाला ‘चालतं हो’ म्हणाला तर ते पुरेसं नाही.

ज्यांना गाडीने फार जायचं नाही त्यांना वांगणी-नेरळच्या बाजूची उल्हास आहे. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी नदीत येत असल्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहते आणि वरच्या टप्प्यात अजून बरी स्वच्छ आहे. खाली कल्याणजवळ येईपर्यंत तिचे जे हाल होतात ते इथल्या माणसाला सांगायला नकोत. वालधुनी मिळाल्यावरच्या पाण्यातला मासा खाऊ नये. उल्हासकाठी शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात तंबू लावता येतो. २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे; नोंदणी केलेलं केंद्र निवडलं तर शौचालयाची आणि रात्रीच्या मदतीची शाश्वती अधिक.

जागा निवडताना काठावर उभं राहून वर्षभरापूर्वीच्या पाण्याच्या खुणा शोधाव्यात. झुडपांत अडकलेलं वाळकं गवत, प्लास्टिक, ओंडके जिथवर दिसतात त्याच्या बरंच वर तंबू. भरलेल्या धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वाळूत किंवा बेटावर तर कधीच नाही. परतीच्या पावसाची एक सर घाटमाथ्यावर पडली आणि दरवाजे उघडले, तर खाली कोरड्या आकाशाखाली पाणी चढतं. वीजकेंद्राखालच्या नदीतही पाणी अचानक वाढतं. धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे ओढा जलाशयाला मिळतो, तिथून शे-दोनशे पावलांवरची उंच जागा दोन्ही हिशेबांनी चांगली: ताजं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि वाहून आलेलं अन्न यांमुळे मासा मुखाशी थांबतो.

ऑक्टोबरचा खरा धोका दुपारनंतरच्या विजांचा आहे. ढग काळवंडले की कार्बन फायबरची दांडी हातात धरून उघड्या काठावर उभं राहणं जिवावर बेतू शकतं, कारण तिच्यातून वीज सहज वाहते. दांडी आडवी ठेवायची, एकट्या झाडाखाली जायचं नाही, गाडीत किंवा पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप काढलं आहे, ते जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. निघण्यापूर्वी फोनमध्ये घ्यावं. गवतात फुरसं आणि घोणस असतात, म्हणून रात्री टॉर्च आणि घोट्यावरचे बूट. भरल्या धरणाच्या कडेचा गाळ पायाला धरून ठेवतो, त्यामुळे पोहता येत असलं तरी पाण्यात उतरू नये.

माशांपुरतं सांगायचं, तर कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्याप्रमाणे तरंगत्या खुणेपासून गळाची खोली ठरवावी. कणकेचा गोळा, शेंगदाण्याची पेंड किंवा गांडूळ, यांवर भागतं. मरळ आणि शिवडा भक्षक. मरळ पाणवनस्पतींत दबा धरते आणि पिल्लांची राखण करते, म्हणून लाल पिल्लांचा थवा दिसला की तिथे गळ टाकू नये. आई गेली तर थवा राहत नाही. गळ हाताळायला शिकायचं असेल, तर मुक्कामाच्या आधी पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या जुन्या मंडळींकडे चौकशी करावी.

महाशीर गळाला लागला तर तो सोडायचा. पावसाळ्यात तो वरच्या ओढ्यांत विणीला जातो आणि शरदात थकलेला परत येतो. हात ओले करून धरायचा, शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही, काटा नसलेला किंवा काटा दाबून सपाट केलेला गळ वापरायचा, आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्यायचा. आपल्याच शेजारी वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहात तिळसेश्वराचे महाशीर आहेत. देवाचे मासे म्हणून गावाने ते आजवर राखले. भाविक त्यांना लाह्या-चणे घालतात आणि तिथे कोणी जाळं टाकत नाही. महाडजवळ वाळणकोंडीलाही असाच डोह राखला जातो. ज्यांना मोठा महाशीर जवळून पाहायचा आहे, त्यांनी गळ घरी ठेवून मुलांना घेऊन तिळसेला जावं. कल्याणहून भिवंडी-वाडा मार्गे दिवसभरात परत येता येतं.

ताटात मासा हवाच असेल, तर संस्थेची होडी सकाळी काठाला लागते तेव्हा तिथे हजर राहावं. ताजा कटला वजनावर मिळतो, पैसे गावात राहतात, आणि तंबूशेजारच्या चुलीवर तो कसा शिजवायचा हे होडीवाल्याच्या घरून बहुतेक वेळा विनामोबदला समजतं.