मतदारयादी: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

ओळखपत्र आहे, म्हणजे मत देता येणारच.
मत देता येते ते यादीत नाव असल्यामुळे. ओळखपत्राने फक्त ओळख पटते. कार्ड पाकिटात असते आणि यादी सहसा कोणी उघडून पाहत नाही, म्हणून हा समज टिकला. २४ एप्रिल २०१४ रोजी मुंबईत कार्ड घेऊन केंद्रावर गेलेल्या अनेकांची नावेच यादीत नव्हती. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल माफी मागितली. हुकलेले मत मात्र हुकलेच.

घाटकोपरहून बोरिवलीला राहायला गेले की नवा अर्ज भरायचा. जुने नाव आपोआप जाते.
नवा पत्ता, नवी नोंदणी, हे सरळच वाटते. पण नमुना ६ पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. त्यात ‘माझे नाव इतर कोणत्याही मतदारसंघात नाही’ असे लिहून द्यावे लागते. हे जाणूनबुजून खोटे लिहिल्यास १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावा. पुनर्विकास आणि भाड्याच्या घरांमुळे उपनगरांत स्थलांतर सततचे आहे. चुकीच्या नमुन्यातूनच बऱ्याच दुबार नोंदी जन्मतात.

दुबार नाव म्हणजे बोगस मतदार.
मुंबई महापालिकेच्या २०२५च्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख संभाव्य दुबार नोंदी निघाल्या. आकडा एवढा मोठा की संशय येणारच. पण नाव जुळले म्हणून माणूस एकच ठरत नाही. अंधेरीत एकाच नावाचे अनेक जण सहज सापडतील. छायाचित्र, वय, लिंग आणि पत्ता ताडून पाहिल्याशिवाय नाव वगळणे म्हणजे खऱ्या मतदाराचा हक्क काढून घेणे. संशयित नावापुढे दोन तारे छापून मतदाराकडून तो कुठे मतदान करणार हे लिहून घेतले जाते, ते याचसाठी.

मृत्यूचा दाखला निघाला की नाव वगळले जाते.
नोंद होते ती जन्म-मृत्यू नोंदवहीत. मतदारयादीसाठी कुटुंबीयांनी नमुना ७ भरावा.

निवडणूक पालिकेची, तेव्हा नावेही पालिकाच घालील.
यादी पालिकेत पाहायला मिळते, त्यामुळे असे वाटते. प्रत्यक्षात विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडली जाते. जानेवारी २०२६च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. लेखनिकाची चूक किंवा चुकलेला प्रभाग तिथे सुधारतो. नवे नाव चढत नाही. म्हणून विधानसभेच्या यादीतील आपली नोंद निवडणूक नसतानाच तपासावी. विधानसभा-लोकसभेसाठीही उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी बंद होते.