बसल्या जागेची बाग

बाग म्हटली की बंगला, माळी आणि कुंपण डोळ्यांसमोर येते. दोन खोल्यांत संसार करणाऱ्यांना तो नाद परवडायचा नाही, असे आपण धरूनच चालतो. त्यातून घरात गुडघ्यांनी जेरीस आणलेली आजी किंवा पक्षाघाताने हात गेलेले काका असतील तर विचारूच नका. "तुम्ही नुसते बसा," असे आपण त्यांना मोठ्या मायेने सांगतो. दिवसभर नुसते बसणे म्हणजे काय, हे बसणाऱ्यालाच ठाऊक!

इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथील रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्यांसाठी २०१२ साली एक बाग झाली. कल्पना होरेशिओ चॅपल या शाळकरी मुलाची. सुटीत तो तेथे स्वयंसेवक म्हणून जाई. रुग्णांना काय हवे ते त्याने प्रश्नावली काढून त्यांनाच विचारले. २०११ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, एका मोहिमेवर ध्रुवीय अस्वलाच्या हल्ल्यात तो गेला. बाग त्याच्या नावाने उभी राहिली. तेथील वाटा अगदी गुळगुळीत आहेत, कारण चाकाला बसलेला बारीक हिसकाही अशा रुग्णाला कळ देतो. चाकांची खुर्चीच काय, रुग्णाची खाटसुद्धा बागेत नेता येते.

तेवढा पैसा आपल्यापाशी नाही. पण विचारायला पैसा लागत नाही. आमच्या वसाहतीत आम्ही काही जणांनी तसेच घरोघर विचारले आणि आवारात जुन्या टेबलांवर फळांची वीतभर खोलीची लाकडी खोकी मांडली. तळाला भोके, आत पालापाचोळ्याचे खत आणि माती. टेबलाखाली खुर्चीतल्या माणसाचे गुडघे मावले पाहिजेत, एवढे मात्र मोजून घ्यावे. खुरप्याच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की ते अशक्त हातातून निसटत नाही. झारी जड होते. बुचाला भोके पाडलेली बाटली बरी. डोळ्यांनी अधू असणाऱ्यांसाठी गवती चहा आणि तुळस लावावी, हाताला आणि नाकाला कळते. सुरुवात मेथीनेच करावी, महिनाभरात हाती येते. धने मात्र चपलेने रगडून पेरावेत.

येथील एक निवृत्त गिरणी कामगार, आमचे तात्या, उजव्या हाताने अधू आहेत. पूर्वी येणारा-जाणारा "तब्येत कशी?" एवढेच विचारी आणि उत्तर ऐकायला थांबत नसे. आता बायका थांबून विचारतात, "तात्या, मेथी कधी काढायची?" पहिली जुडी कोणाच्या घरी जायची, हे तात्याच ठरवतात. त्यावरून रुसवेफुगवेही होतात. होऊ द्यावेत!

एक काम राहिले आहे. आवारात उतरायला दोन पायऱ्या आहेत, मिळून फूटभर उंचीच्या. खुर्चीसाठी तेथे बारा फूट लांबीचा उतार हवा आणि नेमक्या त्या जागेत स्कूटरी उभ्या असतात. पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही पुन्हा मांडणार आहोत. तळमजल्यावरच्या मावशींची खुर्ची अजून दारातच थांबते.