गाव कुही, वेलोड्रोम पुण्यात: ट्रॅक सायकलिंगची सुरुवात नेमकी करायची कशी?

ना ब्रेक, ना गिअर बदलायची सोय आणि वेग मोटरसायकलला लाजवणारा. ऑलिम्पिकमधल्या ट्रॅक सायकलिंगचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. पण नागपूर जिल्ह्यातल्या कुहीसारख्या तालुक्यातल्या एखाद्या पोरीला किंवा पोराला या खेळात उतरायचं असेल तर?

पहिली अडचण म्हणजे अंतर. राज्यातला वेलोड्रोम पुण्यात, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे. कुहीपासून सातशे किलोमीटरच्या वर. लाकडी ट्रॅकचं इनडोअर वेलोड्रोम हवं असेल तर थेट दिल्ली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी ते इंदिरा गांधी संकुलात उभं राहिलं.

मग विषय इथंच संपला का? तर नाही. त्यासाठी फक्त वैनगंगेच्या पलीकडे बघायचं.

भंडाऱ्याच्या दोघी

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला टीम स्प्रिंट संघात तिघी होत्या. त्रियाशा पॉल, मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे. यातल्या मयूरी आणि सुशिकला या भंडारा जिल्ह्याच्या. म्हणजे कुहीच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या.

गंमत म्हणजे तेव्हा बर्मिंगहॅमलाही पुरेसा वेलोड्रोम नव्हता. ट्रॅकच्या शर्यती लंडनला घ्याव्या लागल्या. सांगायचा मुद्दा हा की गावात ट्रॅक नसणं ही अडचण आहे, पण ती पहिल्या पायरीवरची अडचण नाही.

वेलोड्रोम म्हणजे नेमकं काय?

सायकलसाठी बांधलेला अंडाकृती ट्रॅक. ऑलिम्पिकचा ट्रॅक २५० मीटरचा असतो. सरळ भागात उतार साधारण १२ अंशांचा, तर वळणावर ४२ ते ४५ अंशांचा. जत्रेतला मौत का कुआँ आठवा. तिथं मोटरसायकल भिंतीवरून पडत नाही ती वेगामुळे. इथंही तेच गणित चालतं. वेग कमी झाला की टायर घसरतो, म्हणून नवख्यांना आधी खालच्या सपाट पट्ट्यावर वेग घ्यायला शिकवतात आणि मग हळूहळू वर चढवतात.

वेग किती? पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरेसेनने २०० मीटर ९.०८८ सेकंदांत कापले. म्हणजे ताशी ७९ किलोमीटर.

ब्रेक का नसतात?

ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पाय थांबवून नुसतं बसता येत नाही. वेग कमी करायचा तर पायाने उलटा जोर द्यायचा किंवा उतारावर वर चढायचं. सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरतात. मागून येणारा उजवीकडून, म्हणजे वरच्या बाजूने पुढे जातो. अशा वेळी पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. म्हणून ब्रेक नसणं हीच इथली सुरक्षा आहे.

पण हे फक्त ट्रॅकवर. कुही-मांढळ रस्त्यावर ट्रॅक्टर, एसटी आणि गुरं असताना बिनब्रेकची सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग सुरुवात कशी करायची?

एक, ट्रॅकची सायकल विकत घेऊ नका. चांगली सायकल लाखांत जाते आणि गावात तिचा उपयोग शून्य. सुरुवातीला ब्रेक असलेली साधी सायकल आणि हेल्मेट पुरेसं आहे. राज्यातल्या अनेक तालुक्यांत मुलींना मानव विकास मिशनमधून सायकल मिळते, तीसुद्धा चालेल.

दोन, पाय तयार करा. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर २०० मीटर पूर्ण ताकदीने, मग पूर्ण विश्रांती, मग परत. कमी जोराच्या गिअरवर पेडल जितक्या वेगाने फिरवता येईल तितकं फिरवायचा सराव करा. सोबत स्क्वॉट आणि उड्या. स्प्रिंटच्या शर्यती मांड्यांच्या ताकदीवर जिंकल्या जातात.

तीन, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय गाठा. शालेय स्पर्धा, जिल्हा सायकलिंग संघटनेची निवड चाचणी आणि क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या यांची चौकशी तिथंच करायची. क्रीडा प्रबोधिनी ही राज्य सरकारची निवासी योजना. तिच्या चाचणीत धावणं, उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणं, शटल रन असले प्रकार असतात. म्हणजे त्या दारापर्यंत पोहोचायला महागडी सायकल लागतच नाही.

चार, वय बघा. प्रबोधिनीची निवड शाळकरी वयातच होते आणि ज्युनिअर गट १७-१८ वर्षांचा असतो. बारावीनंतर बघू म्हटलं की गाडी सुटलेली असते.

घरच्यांचा प्रश्न: पुढे काय?

प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात पात्र खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांमधली ठराविक कामगिरी लागते, नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र चालत नाही. कुठल्याही खासगी स्पर्धेची फी भरण्याआधी ती मान्यताप्राप्त आहे का, हे क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर पैसे जातात आणि कागद कामाला येत नाही.

थोडक्यात काय, वेलोड्रोम पुण्यात असलं तरी तिथं जाणारी पहिली चाचणी जिल्ह्याच्या मैदानावरच द्यावी लागते. तिची तारीख कळणं आणि त्या दिवशी तिथं हजर असणं, कुहीतल्या पोरांसाठी खरी शर्यत इथून सुरू होते.