गाढीतलं पान आणि ‘कर्ल’

मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात आंशिक विकलन पहिल्या सत्रात, दुहेरी-तिहेरी संकलन दुसऱ्यात होतं. सदिश कॅल्क्युलस मात्र शाखेनुसार पुढे यायचं. पनवेलकर विद्यार्थ्यांनी सूत्रं घोकण्याआधी बाहेर पाहावं. कर्नाळ्याच्या नकाशावर समोच्च रेषेला काटकोनात चढणारी दिशा म्हणजे ग्रेडियंट, सर्वांत खडा चढ. (पोटऱ्या भरून येतात तीच!) गाढी नदीत टाकलेलं पान वाहता वाहता स्वतःभोवती फिरलं, तर तिथे ‘कर्ल’ आहे. त्यासाठी भोवराच हवा असं नाही. काठाशी पाणी संथ आणि मध्ये वेगवान असलं तरी पुरे. इथेच बहुतेक जण चुकतात. याच ‘कर्ल’वर बेतलेला, धडकी भरवणारा स्टोक्सचा सिद्धांत प्रथम छापला गेला तोच परीक्षेतला प्रश्न म्हणून, 1854 मध्ये केंब्रिजला. परीक्षार्थींत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता.